लिंकसिस एनएसएलयू२ : अंतर्गत फ्लॅश स्मृतीचा विस्तार व बॅकअप

लिंकसिस एनएसएलयू२ हे घरगुती व लहान कार्यालयीन नेटवर्कसाठी बनवलेले साठवण उपकरण होते. ते २००४ मध्ये बाजारात आले व २००८ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले. यूएसबी हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह या उपकरणाला जोडल्यास तीवरील फाइली नेटवर्कमधील सर्व संगणकांना उपलब्ध होत. उपकरणात स्वतःची हार्ड डिस्क नव्हती. त्याची कार्यप्रणाली ८ मेगाबाइट क्षमतेच्या अंतर्गत फ्लॅश स्मृतीत साठवलेली असे. या तुटपुंज्या जागेचा विस्तार कसा करावा आणि तत्पूर्वी तिचा बॅकअप (राखीव प्रत) कसा घ्यावा, हे दोन विषय या उपकरणाच्या वापरकर्त्यांत विशेष महत्त्वाचे ठरले.

पार्श्वभूमी

एनएसएलयू२ या नावातील अक्षरे ‘नेटवर्क स्टोरेज लिंक फॉर यूएसबी २.०’ या शब्दांवरून घेतलेली आहेत. उपकरण बाजारात आले तेव्हा लिंकसिस ही सिस्को कंपनीच्या मालकीची होती. उपकरणात इंटेल कंपनीचा आयएक्सपी४२० हा प्रोसेसर, ३२ मेगाबाइट रॅम, दोन यूएसबी पोर्ट व एक इथरनेट पोर्ट होता. सुरुवातीच्या काळातील उपकरणांत प्रोसेसरचा वेग १३३ मेगाहर्ट्झ ठेवलेला होता. पुढील उपकरणांत तो २६६ मेगाहर्ट्झ करण्यात आला.

उपकरणाचे फर्मवेअर लिनक्सवर आधारित होते. लिनक्सच्या परवान्यातील अटींनुसार कंपनीने त्याची उगम-संहिता प्रसिद्ध केली आणि हौशी तंत्रज्ञांना तीत बदल करण्याचा मार्ग मोकळा झाला. नावातील आद्याक्षरांवरून या मंडळींनी उपकरणाला ‘स्लग’ (शंख नसलेली गोगलगाय) हे टोपणनाव दिले. एनएसएलयू२-लिनक्स या स्वयंसेवी प्रकल्पातून ‘अनस्लंग’ व ‘स्लगओएस’ ही पर्यायी फर्मवेअर तयार झाली. डेबियन या लिनक्स वितरणाच्या २००७ मधील ४.० आवृत्तीतही या उपकरणासाठी सोय होती.

फ्लॅश स्मृतीची रचना

उपकरणातील फ्लॅश स्मृती ‘नॉर’ प्रकारची आहे. वीज गेल्यावरही तीतील माहिती टिकून राहते. या प्रकारात वाचन थेट व जलद होते, परंतु लेखनावर बंधन असते. एकदा लिहिलेल्या जागेवर नवे लिहिण्यापूर्वी तो संपूर्ण गट पुसावा लागतो. या उपकरणात असा एक गट १२८ किलोबाइटचा आहे. पुसण्याच्या आवर्तनांनाही मर्यादा असल्याने सतत बदलणाऱ्या नोंदी फ्लॅशवर ठेवणे योग्य मानले जात नाही.

मूळ फर्मवेअरमध्ये ८ मेगाबाइट जागेची विभागणी पुढीलप्रमाणे होती :

• रेडबूट : २५६ किलोबाइट. उपकरण सुरू होताच प्रथम चालणारा बूटलोडर.
• सिस्कॉन्फ : १२८ किलोबाइट. उपकरणाची स्थायी मांडणी व नेटवर्कविषयक नोंदी.
• कर्नेल : १ मेगाबाइट. लिनक्सचा गाभा.
• रॅमडिस्क : सुमारे साडेसहा मेगाबाइट. मूळ फाइलप्रणालीची संकुचित प्रत.
• एफआयएस निर्देशिका : १२८ किलोबाइट. कोणता विभाग कोठे सुरू होतो व किती मोठा आहे, याची सूची.

मूळ फर्मवेअर सुरू होताना रॅमडिस्क विभागातील फाइलप्रणाली उलगडून रॅममध्ये आणली जाई. त्यामुळे चालू स्थितीत तीत केलेला बदल उपकरण बंद होताच नाहीसा होत असे. अनस्लंगने ही व्यवस्था बदलून त्याच विभागात ‘जेएफएफएस२’ ही फ्लॅशसाठी रचलेली फाइलप्रणाली वापरली. तीत केलेले बदल टिकून राहतात. जागा मात्र तेवढीच राहिली.

विस्ताराच्या पद्धती

वेब सर्व्हर, छपाई सर्व्हर, संगीत प्रसारण इत्यादी कामांसाठी लागणारे प्रोग्रॅम या जागेत मावत नसत. त्यावर दोन प्रकारचे उपाय प्रचलित झाले.

बाह्य डिस्कवर स्थलांतर : या पद्धतीत फ्लॅशमधील मूळ फाइलप्रणालीची प्रत यूएसबी डिस्कवर केली जाते. पुढील वेळी उपकरण सुरू होताना कर्नेल फ्लॅशमधून उचलला जातो. उर्वरित सर्व फाइली डिस्कवरून वापरल्या जातात. अनस्लंगमध्ये ‘अनस्लिंग’ या आज्ञेने, तर स्लगओएसमध्ये ‘टर्नअप’ या आज्ञेने हे स्थलांतर होते. डेबियनमध्ये स्थापनेपासूनच मूळ फाइलप्रणाली डिस्कवर असते व फ्लॅशमध्ये केवळ कर्नेल आणि प्रारंभीची लहान फाइलप्रणाली ठेवली जाते. ही पद्धत कमी धोक्याची आहे. फ्लॅशवरील मूळ फाइलप्रणाली जागेवरच राहत असल्याने अनस्लंग किंवा स्लगओएस वापरणाऱ्यास डिस्क काढून उपकरण पुन्हा फ्लॅशवरून सुरू करता येते. यात मिळणारी जागा डिस्कच्या आकाराइतकी असते. रॅम कमी पडत असल्यास डिस्कवरच स्वॅप विभागही करता येतो.

चिप बदलणे : या पद्धतीत सर्किट बोर्डवरील फ्लॅश चिप काढून तिच्या जागी अधिक क्षमतेची चिप बसवली जाते. चिपचे पाय अत्यंत बारीक व जवळजवळ असल्याने हे काम सोल्डरिंगचा चांगला सराव असलेल्यांनाच जमते. रॅम व फ्लॅश अशा रीतीने वाढवलेल्या उपकरणास ‘फॅटस्लग’ म्हणत. नवी चिप कोरी असते. तीत बूटलोडर नसल्यामुळे उपकरण सुरूच होत नाही. म्हणून जुन्या चिपमधील मजकूर आधी काढून ठेवणे व तो नव्या चिपवर उतरवणे अपरिहार्य असते. त्यानंतर वाढीव जागेचा समावेश करण्यासाठी विभागांची सूची नव्याने लिहावी लागते. ती न लिहिल्यास चिप मोठी असूनही कार्यप्रणालीस पूर्वीइतकीच जागा दिसते.

बॅकअप

लिनक्समध्ये फ्लॅशचा प्रत्येक विभाग ‘एमटीडी’ या नावाच्या स्वतंत्र उपकरण-फाइलीच्या रूपाने दिसतो. त्यांना शून्यापासून क्रमांक दिलेले असतात. विभागांची नावे व आकार प्रॉक निर्देशिकेतील एमटीडी याच नावाच्या फाइलीत वाचता येतात. फर्मवेअर बदलल्यास हा क्रम बदलू शकतो. उदाहरणार्थ, स्लगओएसमध्ये कर्नेलच्या आधी ‘लोडर’ हा आणखी एक विभाग येतो. त्यामुळे केवळ क्रमांकावर विसंबून न राहता विभागाचे नाव पाहणे आवश्यक ठरते.

बॅकअपची सर्वसाधारण पद्धत अशी आहे :

१. उपकरणात टेलनेट किंवा एसएसएचद्वारे प्रवेश करून विभागांची सूची नोंदवून ठेवावी.
२. शक्य असल्यास उपकरण डिस्कवरून सुरू करावे. फ्लॅशवरील फाइलप्रणाली वापरात असताना घेतलेली प्रत अर्धवट बदल टिपण्याचा संभव असतो.
३. ‘डीडी’ किंवा ‘कॅट’ या आज्ञेने प्रत्येक विभागाची वेगळी फाइल डिस्कवर उतरवावी.
४. फाइलींचे आकार ताडून पाहावेत. रेडबूटची फाइल नेमकी २,६२,१४४ बाइट आणि सर्व विभागांची बेरीज नेमकी ८३,८८,६०८ बाइट असली पाहिजे.
५. विभाग दुसऱ्यांदा वाचून दोन्ही प्रतींची ‘एमडी५’ बेरीज जुळते का, हे तपासावे.
६. प्रती उपकरणाबाहेर, निदान एका अन्य संगणकावर ठेवाव्यात. उपकरणालाच जोडलेल्या डिस्कवरील प्रत उपकरण बंद पडल्यावर सहज हाती लागेलच असे नाही.

सर्व विभागांत रेडबूटच्या प्रतीचे मोल अधिक आहे. कर्नेल व रॅमडिस्क फर्मवेअरच्या फाइलीतून पुन्हा मिळवता येतात. रेडबूट विभागाच्या अखेरच्या भागात मात्र त्या विशिष्ट उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कमधील त्याची अनन्य ओळख, नोंदलेली असते. दुसऱ्याच्या उपकरणातील रेडबूटची प्रत जशीच्या तशी वापरल्यास दोन उपकरणांचा पत्ता एकच होतो. अशी दोन्ही उपकरणे एकाच नेटवर्कमध्ये असल्यास संपर्क विस्कळीत होतो. उपकरणाचा मॅक पत्ता कागदावर लिहून ठेवणे हीदेखील उपयुक्त खबरदारी मानली जाते.

पुनर्स्थापना

फर्मवेअर बिघडले तरी रेडबूट शाबूत असल्यास उपकरण दुरुस्त होऊ शकते. मागील बाजूचे रीसेटचे बटण दाबून धरून उपकरण सुरू केल्यास ते नव्या लेखनासाठी सज्ज होते. त्यानंतर ‘अपस्लग२’ हा प्रोग्रॅम नेटवर्कवरून फर्मवेअर पाठवतो. नेहमीच्या वापरात हा प्रोग्रॅम बूटलोडरचा विभाग वगळतो. संपूर्ण फ्लॅश नव्याने लिहिण्याचा पर्याय स्वतंत्रपणे निवडावा लागतो. तो पर्याय निवडून चुकीची फाइल दिल्यास, अथवा बूटलोडर लिहिला जात असताना वीज खंडित झाल्यास, उपकरण नेटवर्कवरून दुरुस्त होण्यापलीकडे जाते. अशा वेळी सर्किट बोर्डवरील जेटॅग जोडणी हाच मार्ग उरतो. त्यासाठी उपकरण उघडून तारा जोडाव्या लागतात, आणि लिहिण्यासाठी रेडबूटची प्रत हाताशी असावी लागते.

मर्यादा व महत्त्व

फ्लॅशचा बॅकअप आणि जोडलेल्या डिस्कवरील फाइलींचा बॅकअप या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याने उपकरण पुन्हा चालू होते. दुसऱ्याने वापरकर्त्याची छायाचित्रे, पत्रे व दस्तऐवज वाचतात. मूळ फाइलप्रणाली डिस्कवर हलवल्यानंतर कार्यप्रणालीतील नवे बदलही डिस्कवरच होतात. त्यामुळे केवळ फ्लॅशची प्रत घेणे पुरेसे राहत नाही.

उत्पादन बंद झालेल्या उपकरणांच्या बाबतीत हा विषय अधिक निकडीचा होतो. निर्मात्याच्या संकेतस्थळावरील फर्मवेअर व स्वयंसेवी प्रकल्पांची पाने कायम राहतील याची शाश्वती नसते. ज्या उपकरणाची प्रत वेळीच घेतलेली आहे, ते मात्र त्यानंतरही दुरुस्त करता येते. विभागांची सूची वाचणे, बूटलोडर जपणे, प्रत पडताळून पाहणे आणि मगच विस्तार करणे हा क्रम फ्लॅश स्मृतीवर चालणाऱ्या राउटर व इतर साठवण उपकरणांनाही लागू पडतो.