कापसाचा भाव आणि जागतिक व्यापाराचे नियम

‘डब्ल्यूटीओतून बाहेर पडा’ ही घोषणा आपल्यापैकी अनेकांनी मोर्चात दिली आहे. मीही दिली आहे. पण डब्ल्यूटीओच्या करारात नेमके काय लिहिले आहे, कोणता नियम कोणाला बांधतो आणि कोणाला मोकळे सोडतो, असे कोणी विचारले तर आपल्यातले बहुतेक कार्यकर्ते अडखळतात. सगळ्या व्यापार नियमांचा आढावा एका लेखात मावणार नाही. म्हणून इथे एकच पीक घेऊ या: कापूस. पश्चिम आफ्रिकेतला मालीचा शेतकरी आणि यवतमाळचा शेतकरी एकमेकांना कधी भेटत नाहीत, पण दोघांच्या कापसाचा हिशेब एकाच करारात अडकलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये २३ देशांनी जिनिव्हात ‘गॅट’ करार केला. भारत त्या पहिल्या २३ देशांत होता. कारखान्यात तयार झालेल्या मालावरची आयात शुल्के टप्प्याटप्प्याने कमी करणे हे या कराराचे मुख्य काम. शेती जवळपास बाहेरच राहिली, कारण अमेरिका आणि युरोपला आपल्या शेतकऱ्यांना भरघोस मदत चालू ठेवायची होती. १९८६ ते १९९४ या काळात उरुग्वे फेरीची बोलणी झाली, एप्रिल १९९४ मध्ये माराकेश येथे सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. तिच्यासोबतच शेतीविषयक करार आला. आज संघटनेचे १६६ सदस्य आहेत. निर्णय सर्वसहमतीने होतात, म्हणजे कागदावर बेनिन आणि अमेरिका समान. प्रत्यक्षात मोठे देश आधी आपसांत मसुदा ठरवतात आणि जिनिव्हात मोजकीच माणसे ठेवू शकणाऱ्या छोट्या देशाच्या हाती तो शेवटी पडतो.

शेती करारात सरकारी मदतीचे प्रकार पाडले आहेत. संशोधन, प्रशिक्षण, उत्पादनाशी न जोडलेली थेट रक्कम ही मदत ‘ग्रीन बॉक्स’मध्ये येते आणि तिला मर्यादा नाही. भाव किंवा उत्पादन वाढवणारी मदत ‘अंबर बॉक्स’मध्ये येते आणि तिला मर्यादा आहे. खरी गोम इथे आहे. ही मर्यादा ठरवताना १९८६ ते १९८८ या वर्षांत कोण किती मदत देत होते ते पाहिले गेले. श्रीमंत देशांनी ती रक्कम २० टक्क्यांनी कमी करायची, बाकीची चालू ठेवायची. त्यामुळे अमेरिकेला वर्षाला १९.१ अब्ज डॉलरपर्यंत अशी मदत देण्याचा हक्क मिळाला. ज्या देशांनी त्या काळात अशी मदत दाखवलीच नव्हती, त्यांना फक्त किमान सूट मिळाली: विकसनशील देशांसाठी एखाद्या पिकाच्या उत्पादन मूल्याच्या १० टक्के. भारत याच रांगेत आहे. (श्रीमंत देशांना त्यांच्या मोठ्या हक्काच्या वर आणखी ५ टक्क्यांची किमान सूट आहेच.)

हे सोप्या भाषेत सांगायचे तर, गावात पाणीवाटप ठरवायला सभा बसली आणि ठराव झाला: ज्याच्या विहिरीवर आधीपासून मोठी मोटर आहे त्याने ती जराशी लहान करावी आणि ज्याच्याकडे मोटरच नाही त्याने यापुढे बसवू नये. ठरावात कोणाचेही नाव नाही, नियम सगळ्यांना लागू.

आता कापसाकडे येऊ. अमेरिकेत कापसाचा जागतिक भाव पडला तरी सरकार शेतकऱ्याला फरक भरून देते, त्यामुळे तिथला पेरा भावाप्रमाणे कमी होत नाही. माल बाजारात येत राहतो आणि भाव आणखी दबतो. २००१-०२ च्या हंगामात रुईचा जागतिक भाव पौंडाला ४२ सेंटच्या आसपास आला होता. ऑक्सफॅम संस्थेच्या २००२ च्या अहवालानुसार त्या हंगामात अमेरिकेतील सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना ३.९ अब्ज डॉलरची मदत मिळाली. ही रक्कम बुर्किना फासो या अख्ख्या देशाच्या वार्षिक उत्पन्नापेक्षा जास्त होती. त्याच वर्षी आलेल्या अमेरिकेच्या नव्या शेती कायद्याने कापसाची लक्ष्य किंमत ७२.४ सेंट ठेवली.

बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार देश निर्यातीच्या कमाईसाठी कापसावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत. छोटी जमीन, हाताने वेचणी, सिंचन जवळपास नाही. त्यांचा उत्पादन खर्च अमेरिकेपेक्षा कमी, तरी ते बाजारात हरत होते. त्यात आणखी एक फास होता. या देशांचे चलन युरोला ठरावीक दराने बांधलेले आहे आणि कापूस विकला जातो डॉलरमध्ये. २००२ नंतर डॉलर घसरत गेला, तसा त्यांच्या हाती येणारा पैसा आणखी घटला. २००३ मध्ये या चौघांनी एकत्र येऊन जिनिव्हात मागणी मांडली की कापसावरचे अनुदान संपवा आणि ते संपेपर्यंत नुकसानभरपाई द्या. त्यांनी मदत मागितली नव्हती, करारातल्याच मुक्त बाजाराच्या तत्त्वावर बोट ठेवले होते.

सप्टेंबर २००३ मध्ये मेक्सिकोतील कान्कुन येथे मंत्री परिषद भरली. तिथे आलेल्या मसुद्यात अनुदान कमी करण्याची कोणतीही बांधिलकी नव्हती. उलट, ज्या देशांची अर्थव्यवस्था कापसावर आहे त्यांनी इतर उद्योगांकडे वळावे, यासाठी जागतिक बँकेसारख्या संस्थांनी त्यांना हात द्यावा, असा त्याचा सूर होता. इतरही मुद्द्यांवर मतभेद होते आणि परिषद मोडली.

ब्राझीलने वेगळी वाट धरली होती. त्याने २००२ मध्येच संघटनेच्या तंटा निवारण यंत्रणेकडे अमेरिकेविरुद्ध तक्रार नेली. बेनिन आणि चाड त्यात त्रयस्थ पक्ष म्हणून सामील झाले. २००४ मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला, २००५ मध्ये अपिलातही टिकला. अमेरिकेने आपल्या गिरण्यांना आणि निर्यातदारांना महाग अमेरिकी कापूस घेण्यासाठी दिली जाणारी रक्कम २००६ मध्ये बंद केली, पण मोठी अनुदाने तशीच राहिली. २००९ मध्ये ब्राझीलला प्रत्युत्तराची परवानगी मिळाली, त्यात काही अटींवर अमेरिकी कंपन्यांचे पेटंट हक्क रोखण्याचीही मुभा होती. तेव्हा कुठे अमेरिका बोलायला बसली. काय ठरले? अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचे. शेवटी २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटले. म्हणजे स्वतःच्या शेतकऱ्याचे अनुदान चालू ठेवण्यासाठी अमेरिकेने ब्राझीलच्या शेतकऱ्यालाही पैसे दिले. बेनिन आणि चाडला यातला एक डॉलरही मिळाला नाही. या यंत्रणेत जिंकणाऱ्याला दंड वसूल करून मिळत नाही, फक्त समोरच्याच्या मालावर शुल्क वाढवण्याची परवानगी मिळते. जो देश अमेरिकेकडून फारसे काही घेतच नाही, त्याने शुल्क वाढवून अमेरिकेचे काय बिघडणार?

भारताच्या वाट्याला याच कराराची दुसरी बाजू आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने जिनिव्हात कागद दाखल केला की भारताचा कापसाचा हमीभाव १० टक्क्यांची मर्यादा फार मागे टाकतो. हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. आजच्या हमीभावाची तुलना आजच्या बाजारभावाशी होत नाही, १९८६-८८ च्या गोठवलेल्या भावाशी होते. समजा तेव्हाचा भाव क्विंटलला १००० रुपये धरला आणि आजचा हमीभाव ८००० आहे, तर ७००० रुपयांचा फरक ‘अनुदान’ ठरतो. तो फरक सरकारने घेतलेल्या कापसालाच नाही, हमीभावाला पात्र असलेल्या सगळ्या उत्पादनाला लावायचा असा अमेरिकेचा आग्रह आहे. बाजारात भाव हमीभावाच्या वर असला आणि सरकारने एक गाठही घेतली नसली, तरी कागदावर अनुदान दिसते. भारत हा हिशेब डॉलरमध्ये मांडून काहीसा बचाव करतो, अमेरिका तो रुपयांत मांडते.

तरीही सगळे खापर डब्ल्यूटीओवर फोडणे मला पटत नाही. कापसावर आयात शुल्क शून्य ठेवा असे करारात कुठेही नाही. २००८ मध्ये ते शून्य केले ते आपल्याच सरकारने, २०२१ च्या अर्थसंकल्पात अधिभारांसह ११ टक्के केले तेही आपल्याच सरकारने. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लादले. कापड उद्योग अडचणीत आला आणि १९ ऑगस्टपासून भारताने कापसावरचे ११ टक्के शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातला कापूस घरात यायच्या नेमक्या दिवसांत. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये होता. पण सीसीआयच्या केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायची ज्याची ऐपत नसते, तो व्यापारी देईल त्या भावाला विकून मोकळा होतो.

आणि जिच्या नावावर सातबाराच नाही, ती वेचणारी बाई या हिशेबात कुठेच येत नाही. बाबासाहेबांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात हाच प्रश्न चलनाच्या संदर्भात लावून धरला होता. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराचा होणारा फायदा हा देशाचा फायदा मानता येत नाही. भाव चढतात, मजुरी मागे राहते आणि तो फायदा मजुराच्या खिशातून येतो. कापसाचे शुल्क उठवले की गिरणीला स्वस्त रुई मिळते, शेतकऱ्याचा भाव दबतो आणि शेतकरी पहिली कात्री लावतो ती वेचणीच्या किलोमागच्या दराला. शेतकरी संघटनांच्या निवेदनांत हमीभाव असतो, वेचणीचा दर क्वचितच असतो.

डिसेंबर २०१९ पासून तंटा निवारणातले अपील मंडळ बंद पडले आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या. ब्राझीलने लढली तशी केस आज कोणी जिंकली, तर हरलेला देश बंद मंडळाकडे अपील टाकून निकाल लटकता ठेवू शकतो. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला, आफ्रिकेच्या त्या चार देशांच्या पुढाकाराने, जिनिव्हात डब्ल्यूटीओच्या मुख्यालयात पहिला जागतिक कापूस दिन साजरा झाला. तो आता दर वर्षी होतो. अनुदानाची २००३ ची मागणी अजून चर्चेतच आहे.