सहा फुटी स्वयंपाकघर आणि फ्रँकफुर्टच्या मार्गारेटबाई



चातुर्मास सुरू होण्याआधी आठ दिवस लेकीकडे पुण्याला राहून आले. दोघं नुकतेच भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहायला गेलेत. घर उजेडाचं आहे, पण आखणी विचित्र. स्वयंपाकघर म्हणजे नुसता बोळ. ओट्याकडे तोंड करून उभं राहिलं की पाठ भिंतीला लागते. फ्रिज आत मावत नाही म्हणून हॉलमध्ये. लेकीचं काम संपतं साडेपाचला, जावई येतात सहाला, आणि सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचं. जावईबापूंची मदतीची तयारी आहे, पण दुसरं माणूस आत शिरलं की पहिल्याला बाहेर यावं लागतं. लेक म्हणाली, “आई, मॉड्युलर किचनच करून घेऊ का?” भाड्याच्या घरात लाख-दीड लाख घालायचे? माझ्यातली बी.कॉम. जागी झाली. म्हटलं, “आधी टेप आण, मोजू या.”

रुंदी भरली सहा फुटांच्या आसपास. आणि मला एक जुनी गोष्ट आठवली, जी तुम्हाला सांगायचं केव्हाचं मनात होतं.

कॉमर्सला आम्हाला टेलरसाहेब होते. कारखान्यात कामगार किती पावलं टाकतो, कुठे वाकतो, किती वेळ घालवतो, हे घड्याळ लावून मोजायचं आणि फुकट जाणारी मेहनत वाचवायची, हे त्यांचं शास्त्र. आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं. हेच घड्याळ स्वयंपाकघरात लावावं असं मला कधी सुचलं नाही. अमेरिकेतल्या क्रिस्टीन फ्रेडरिक या गृहिणीला मात्र ते शंभर वर्षांपूर्वी सुचलं. तिचं पुस्तक १९२२ मध्ये जर्मन भाषेत आलं आणि ते मार्गारेट लिहोत्स्की या तरुण बाईच्या वाचनात आलं. मार्गारेट व्हिएन्नाची, जन्म १८९७ चा. ऑस्ट्रियात वास्तुकला शिकलेल्या अगदी पहिल्या मोजक्या बायकांपैकी ती एक.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा जर्मनीत घरांची भयंकर टंचाई होती. कामगारांच्या घरात चूल असलेली एक खोली म्हणजेच सगळं घर. स्वयंपाक तिथेच, जेवण तिथेच, मुलांची आंघोळ तिथेच, रात्री कुणाचं अंथरूणही तिथेच. आपल्या गिरणगावातल्या चाळीची खोली डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल. त्यात १९२३ ची महागाई अशी की लोकांची आयुष्यभराची बचत कागद झाली. पण ज्यांच्या घरांवर कर्ज होतं, त्यांचं कर्जही त्याच महागाईत जवळजवळ विरघळून गेलं. सरकारने १९२४ मध्ये अशा जुन्या घरमालकांवर कर बसवला आणि त्यातला पैसा नव्या घरांकडे वळवला. हिशेबाची आवड असणारीला हे वाचून बरं वाटतं.

फ्रँकफुर्ट शहराने १९२५ मध्ये अर्न्स्ट मे या वास्तुकाराच्या हाती हे काम दिलं. पाचेक वर्षांत बारा हजारांहून जास्त घरं उभी राहिली. घरं लहान होती, भाडं परवडायला हवं होतं, आणि नवा प्रश्न उभा राहिला. लोकांची जुनी अवजड कपाटं आणि पलंग या खोल्यांत मावेनात. मग नगरपालिकेच्याच पाठिंब्याने साधं, हलकं, स्वस्त फर्निचर तयार झालं. फर्डिनांड क्रामर यांनी त्याची रचना केली आणि शहराच्या कार्यशाळेत बेकार सुतारांनी ते बनवलं. कुठली वस्तू घ्यावी याची यादीही एका मासिकातून प्रसिद्ध होत असे.

स्वयंपाकघराचं काम १९२६ मध्ये मार्गारेटकडे आलं. तिने आगगाडीच्या जेवणाच्या डब्यातलं स्वयंपाकघर अभ्यासलं. एवढ्याशा जागेत आचारी शेकडो माणसांना जेवू घालतो, मग घरात का जमू नये? तिची खोली होती १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे सुमारे सत्तर चौरस फूट. खिडकीखाली कामाचं टेबल, समोर फिरतं स्टूल, म्हणजे भाजी बसून चिरता येईल. टेबलालाच कचऱ्याचा खण. धुतलेली भांडी आपोआप निथळतील अशी जाळी, म्हणजे पुसत बसायला नको. भिंतीला बिजागरीवर इस्त्रीची फळी, काम झालं की वर उचलायची. छतावर पट्टीवरून सरकणारा दिवा. तांदूळ, साखर यांसाठी नावं लिहिलेले ॲल्युमिनियमचे खण. पीठ मात्र ओकच्या लाकडाच्या खणात, कारण त्या लाकडाला किडे लागत नाहीत. आणि कपाटांना निळसर-हिरवा रंग, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असा तेव्हा समज होता.

हे वाचताना मला हसू आलं. किडा होऊच नये अशी सोय आधी करायची, हे आपल्या घरात आजीपासून चालत आलंय. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात दिवस. आपल्याला पिठाचा मोठा खण लागतच नाही!

अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. खर्च भाड्यातून वसूल झाला, महिन्याला साधारण एक मार्क जास्त, असं सांगतात. गृहिणीचे कष्ट हे खरोखरीचं काम आहे, ते मोजता येतं आणि कमी करता येतं, हे एका शहराने पैसे खर्चून मान्य केलं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

पण तक्रारीही आल्या. खण लहान मुलांच्या हाताला येत. आयता ठरवून दिलेला कामाचा क्रम पुष्कळ बायकांना जाचू लागला. हॉलकडे सरकतं दार होतं, त्यातून मुलांवर नजर ठेवता येई, पण आत जागा एकीचीच. आधी सगळं घर चुलीभोवती बसायचं, आता बाई एकटी आत आणि सगळे बाहेर. पुढच्या काळातल्या बायकांनी याच मुद्द्यावर या स्वयंपाकघराला नावं ठेवली. आणि गंमत म्हणजे, हे आखलं तेव्हा मार्गारेटने स्वतः कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता. हे तिनेच नंतर मोकळेपणाने सांगितलं.

बाई मात्र धैर्याची. हिटलरच्या राजवटीविरुद्ध गुप्तपणे काम करताना १९४१ मध्ये पकडली गेली, पंधरा वर्षांची शिक्षा झाली, १९४५ मध्ये सुटली. जवळजवळ १०३ वर्षं जगून २००० साली गेली. शेवटी शेवटी तिला वैताग यायचा, की आयुष्यभर इतकं काही केलं आणि लोक विचारतात ते फक्त स्वयंपाकघराबद्दल.

तर लेकीच्या घरी काय केलं? दोन दिवस काहीच विकत घेतलं नाही. ती स्वयंपाक करत होती आणि मी दाराशी बसून तिच्या फेऱ्या मोजत होते. एका जेवणाला फ्रिजपर्यंत अकरा फेऱ्या! मग रोजच्या भाज्या, दही, लिंबू एका ट्रेमध्ये आधीच काढून ठेवायचं ठरलं. ओट्याच्या वर भांडी निथळायची जाळी लावली, धान्याच्या डब्यांना नावं चिकटवली. आणि मार्गारेटबाईंची बिजागरीची फळी घेतली, पण घरमालकांना विचारून ती स्वयंपाकघराबाहेर, पॅसेजच्या भिंतीला बसवली. सुतार आणि सामान मिळून अडीच हजार रुपये झाले.

आता संध्याकाळी जावईबापू त्या फळीवर पोळ्या लाटतात आणि दारातून आत देतात. पोळ्या अजून नकाशासारख्या होतात. पण परवा लेकीचा फोन आला, “आई, आज सूर्यास्ताआधी वीस मिनिटं आमची ताटं धुऊनसुद्धा झाली!”

तुमच्या घरात अशी कुठली अडचणीची जागा आहे का? सुताराला बोलावण्याआधी दोन दिवस आपल्याच फेऱ्या मोजून बघा, आणि मला कळवा.