महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्षपद आणि पक्षीय संघर्ष (२०२१-२०२४)

संसदीय शासनपद्धतीत सभागृहाचा अध्यक्ष पक्षीय संघर्षापासून अलिप्त असावा, अशी अपेक्षा असते. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात ती नाही; तेथील सभापती बहुमतातील पक्षाचा उघड नेता असतो. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी स्वपक्षीय आठ सदस्य उलटल्याने केविन मॅकार्थी पदच्युत झाले आणि सुमारे तीन आठवडे ते सभागृह जवळजवळ ठप्प झाले. महाराष्ट्रात मात्र पूर्णवेळ अध्यक्षाविना विधानसभा सुमारे सतरा महिने चालली.

४ फेब्रुवारी २०२१ रोजी नाना पटोले यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ व तालिका अध्यक्ष यांच्यावरच कामकाजाची भिस्त राहिली. ५ जुलै २०२१ रोजी इतर मागासवर्गीयांच्या माहितीसंबंधीच्या ठरावावरून गोंधळ झाला आणि भारतीय जनता पक्षाच्या १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी हा ठराव घटनाबाह्य ठरविला. अधिवेशनापलीकडचे निलंबन म्हणजे सदस्याइतकीच त्याच्या मतदारसंघाला दिलेली शिक्षा होय, हा त्यामागील विचार महत्त्वाचा आहे.

दरम्यान डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडीने नियम बदलून अध्यक्षाच्या निवडीसाठी गुप्त मतदानाऐवजी उघड मतदानाची तरतूद केली. आपलीच मते फुटण्याची धास्ती त्यामागे नव्हती, असे म्हणणे कठीण आहे. राज्यपालांनी निवडणुकीची तारीख दिली नाही व पद रिक्तच राहिले. पुढे सत्तांतर होताच ३ जुलै २०२२ रोजी शिरगणतीने निवड झाली. राहुल नार्वेकर यांना १६४, तर राजन साळवी यांना १०७ मते मिळाली. जो बदल आघाडीने स्वतःच्या रक्षणासाठी केला, त्याचा लाभ प्रतिपक्षाला झाला.

या रिक्ततेची खरी किंमत जून २०२२ मध्ये दिसली. बावन्नाव्या घटनादुरुस्तीने (१९८५) आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार पक्षांतराचा निवाडा अध्यक्षाने करावयाचा असतो. शिवसेनेतील फुटीनंतर झिरवाळ यांनी सोळा आमदारांना नोटिसा बजावल्या. त्यांत उल्हासनगरलगतच्या अंबरनाथचे आमदार डॉ. बालाजी किणीकर होते. मात्र झिरवाळ यांच्याच विरुद्ध पदच्युतीची सूचना आली होती, आणि वाद न्यायालयात गेला.

घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश व शिंदे गटाच्या प्रतोदाला अध्यक्षांनी दिलेली मान्यता, दोन्ही बेकायदेशीर ठरविल्या. उद्धव ठाकरे यांनी चाचणीपूर्वीच राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार पूर्ववत करता येत नाही, असेही सांगितले. अपात्रतेचा प्रश्न मात्र 'वाजवी मुदतीत' निकाली काढण्यासाठी अध्यक्षांकडेच परत आला. ज्या बहुमताने अध्यक्ष निवडले, त्याच बहुमतातील सदस्यांचा निवाडा त्यांना करावयाचा होता. १० जानेवारी २०२४ रोजी त्यांनी दोन्ही गटांतील एकाही आमदाराला अपात्र ठरविले नाही. आपला प्रतिनिधी कायद्याने सदस्य आहे की नाही, हे अंबरनाथच्या मतदारांना कळण्यास सुमारे दीड वर्ष लागले होते. त्या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. ते प्रलंबित असतानाच नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या विधानसभेची मुदत संपली.