कोरं पान

दहा रुपयांचा फरक आला की रात्र होईपर्यंत कॅश मोजत बसायचं, हेच आमच्या धरणगावच्या शाखेतलं योगासन. म्हणून फ्रान्झ बारडॉन या चेक (वटणारा नव्हे, चेकोस्लोव्हाकियातला!) मांत्रिकाचं हर्मेटिक विद्येवरचं १९५६ सालचं पुस्तक उघडलं आणि चाट पडलो. मला वाटलं, कवट्या असतील, मेणबत्त्या असतील. तर हा गृहस्थ म्हणतो, आधी वही घाला. एका बाजूला आपले दोष, दुसरीकडे गुण. अग्नी, वायू, जल, पृथ्वी अशी चार खाती. ताळा जमेपर्यंत पुढची जादू बंद!

म्हणजे मांत्रिकही कारकूनच निघाला.

आमच्या जळगाव जिल्ह्याला हे नवं नाही. तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव सिद्धींच्या बळावर चौदाशे वर्षं जगले म्हणे. वाहन वाघ, चाबूक सापाचा. पण ज्ञानदेवांना पत्र लिहिताना गाडं मायन्यातच अडलं. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? शेवटी कोराच कागद धाडला. एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला, असं मुक्ताबाईने म्हटल्याचं सांगतात. ज्ञानदेवांनी उलटटपाली पासष्ट ओव्या पाठवल्या. सार एवढंच, की पाहणारा कोण ते आधी पाहा. वाघ वश झाला होता, मीपणा नव्हता. पुढे चांगदेवांनी त्या चिमुरडीलाच गुरू केलं.

मीही वही घातली. गुणांचं पान भरलं, दोषांचं कोरं राहिलं. ही म्हणाली, "द्या इकडे."

आता पुरवणी जोडली आहे. वाईट एवढंच, की हिची एकही नोंद मला खोडता येईना.