आधी थांबवा, मग संशय घ्या

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पोलिसांनी नेमके कोणत्या आधारावर अडवायचे, हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन अधिकार मिसळलेले आहेत: गाडी थांबवण्याचा आणि चालकाला नळीत फुंकायला लावण्याचा. आपल्या कायद्यातली या दुसऱ्या अधिकाराची भाषा ब्रिटनच्या १९६७च्या कायद्याशी जवळजवळ जुळते, आणि तिथे ती एका राजकीय माघारीतून आली होती. त्याआधी ब्रिटनमध्ये चालकाची नीट गाडी चालवण्याची क्षमता दारूमुळे बिघडली होती, हे सिद्ध करावे लागे. पोलीस ठाण्यात डॉक्टर माणसाला सरळ रेषेवर चालायला लावत, आणि स्वतः गाडी चालवणारे ज्युरी आरोपीत स्वतःलाच पाहत. वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांनी १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मोजता येणारी मर्यादा आणली. १९६६च्या मूळ विधेयकात कुणाचीही, कोणत्याही कारणाविना तपासणी करण्याची तरतूद होती. त्यावर इतका गहजब झाला की नव्या विधेयकातून ती वगळावी लागली. उरले ते असे: चालक प्यायला असावा किंवा त्याने चालत्या गाडीत वाहतुकीचा नियम मोडला असावा असा वाजवी संशय असेल, किंवा अपघात झाला असेल, तरच गणवेशातल्या पोलिसाने चाचणी घ्यावी.

गाडी थांबवायला मात्र संशयाची अट नव्हतीच, आणि सगळी गंमत इथे आहे. १९६९मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर आलेल्या खटल्यातला चालक मागच्या नंबरप्लेटचा दिवा बंद म्हणून अडवला गेला होता. बोलताना दारूचा वास आला, मग चाचणी झाली. न्यायाधीशांनी बहुमताने ठरवले की वास आला तेव्हा तो ‘गाडी चालवत’ नव्हता, म्हणून चाचणी बेकायदा. संसदेने ही फट पुढे बुजवली, आणि १९८०च्या दशकात न्यायालयांनीही मान्य केले की वाटेल ती गाडी थांबवावी आणि संशय नंतर काचेतून आत डोकावताना यावा, यात गैर काही नाही. म्हणजे ज्या सरसकट तपासणीला संसदेने नकार दिला होता, ती मागच्या दाराने आली. फरक एवढाच की कुणाला थांबवायचे हे आता रस्त्यावरचा शिपाई ठरवणार.

भारतात १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम २०३ हीच भाषा बोलते: गणवेशातला पोलीस, गाडी चालवणारा किंवा चालवू पाहणारा माणूस, आणि कलम १८५खालील, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याच्या, गुन्ह्याचा संशय घेण्यास वाजवी कारण. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची. शेजारीच कलम १३० आहे, ज्याखाली गणवेशातला कोणताही पोलीस लायसन्स मागू शकतो, त्याला संशयाची गरज नाही. नाकाबंदीत लायसन्स मागायचे, काच खाली करायला लावायची आणि वास आला की यंत्र पुढे करायचे, ही साखळी या दोन कलमांतून तयार होते. मुंबईला वासावरचा संशय तसा जुनाच. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याविना पिणे हाच गुन्हा होता, त्यामुळे गाडी नसलेल्या माणसालाही तपासणीसाठी डॉक्टरकडे नेले जाई.

यावर पहिला आक्षेप असा की न प्यायलेल्याने कशाला घाबरावे? भीती यंत्राची नाहीच. कुणाची गाडी बाजूला घ्यायची आणि कुणाची जाऊ द्यायची, हे ज्या निकषावर ठरते तो कुठेच नोंदला जात नाही, हा खरा मुद्दा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संशयाची अट खरोखर पाळली तर गाडी वेडीवाकडी न चालवणारा, पण मर्यादेपलीकडे प्यायलेला चालक निसटेल. हे खरे आहे. ब्रिटनमध्ये १९६७नंतर अपघाती मृत्यू लक्षणीय घटले, पण तो परिणाम टिकला नाही. अमेरिकन अभ्यासक एच. लॉरेन्स रॉस यांनी त्याचे कारण सांगितले: पकडले जाण्याची शक्यता किती कमी आहे, हे चालकांना उमगले. पण या आक्षेपाचे उत्तर मोघम संशय नव्हे, ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्सने १९८२च्या डिसेंबरात स्वीकारलेली सरसकट चाचणी आहे. तिथे संशयाचे नाटकच करावे लागत नाही. कलम २०३मधली संशयाची अट काढायची असेल तर संसदेने ती उघडपणे काढावी. त्या बदल्यात नाक्याची जागा आणि वेळ वरिष्ठ अधिकाऱ्याने आधी लेखी ठरवावी, आणि थांबवलेल्या प्रत्येक चालकाला, मग तो रिक्षावाला असो की आमदार, त्याच नळीत फुंकायला लावावे.