युरोपांतील पोकरचा फिरता फड

बंद खोलींतल्या पत्त्यांच्या जुगारास वेळापत्रक, पंच आणि विजयचषक कसे लाभले, हें पाहण्यासारखें आहे. १९९९ मध्यें ब्रिटिश दूरचित्रवाणीनें मेजास कांच बसवून खेळाडूंचीं झांकलीं पानें प्रेक्षकांस दाखविलीं, आणि पोकर नाट्यमय झाला. दूरचित्रवाणीचेच दिग्दर्शक जॉन डथी यांनीं २००० सालीं दहा लक्ष पौंडांचें बक्षीस जिंकलें व २००४ मध्यें ‘युरोपियन पोकर टूर’ काढली. पहिला फड सप्टेंबरांत बार्सिलोना येथें भरला. प्रवेशशुल्क १००० युरो. सात मुक्कामांचा पहिला हंगाम मार्च २००५ मध्यें माँटे कार्लो येथें संपला. आश्रयदात्या ‘पोकरस्टार्स’च्या आंतरजालावरील लहान सामन्यांतून अल्प पैशांतही प्रवेश मिळे, त्यामुळें शुल्क पुढें कित्येक ठिकाणीं ५००० युरोंवर जाऊनही गर्दी वाढली.

यांत कौशल्य नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. व्हिक्टोरिया कोरेन यांनीं २००६ व २०१४ असा दोनदां मुख्य सामना जिंकला. परंतु क्रिकेटमधील बक्षीस प्रेक्षक व जाहिरातदार देतात; येथें मात्र तें मुख्यतः हरणाऱ्यांच्याच शुल्कांतून येतें. फड जितका वाढतो, तितके रिक्तहस्तें परतणारेही वाढतात. विजेत्यांची यादी करतांना इतिहासकारानें हा जमाखर्चही मांडला पाहिजे.