मित्रांनी वाचवलेला शेक्सपिअर



शाळेच्या आठवणी या अंकात पुष्कळजण लिहितील. मी पडलो इतिहासाचा मास्तर, म्हणून एका जुन्या स्मरणिकेची गोष्ट सांगतो. ती १६२३ साली लंडनमध्ये निघाली. दिवंगत मित्रासाठी त्याच्या दोन सहकाऱ्यांनी ती काढली. तो मित्र म्हणजे विल्यम शेक्सपिअर.

नववीत सरांनी ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला न्यायालयाचा प्रवेश वाचून दाखवला होता, तो आठवतो ना? तेव्हा मला वाटायचे, एवढा मोठा नाटककार म्हणजे कुणीतरी राजघराण्यातला विद्वान असणार. प्रत्यक्षात तो स्ट्रॅटफर्ड नावाच्या बाजारगावातल्या हातमोजे करणाऱ्याचा मुलगा. २६ एप्रिल १५६४ रोजी तिथल्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. गावात लॅटिन शिकवणारी चांगली शाळा होती आणि तो तिथेच शिकला असे बहुतेक अभ्यासक मानतात. गंमत म्हणजे त्या काळचे शाळेचे हजेरीपट उरलेले नाहीत! शाळेची इमारत मात्र उभी आहे. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नाही. अठराव्या वर्षी त्याचे लग्न झाले, तीन मुले झाली. १५९२ पर्यंत तो लंडनमध्ये नट आणि नाटककार म्हणून इतका पुढे आला होता, की पदवीधर नाटककार रॉबर्ट ग्रीनने त्याला उपटसुंभ ठरवले.

त्याच वर्षी प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहे बंद पडली. ती पुन्हा सुरू झाल्यावर, १५९४ मध्ये, शेक्सपिअर ‘लॉर्ड चेंबरलेन’च्या नाटक मंडळीत भागीदार झाला आणि अखेरपर्यंत त्याच मंडळीचा राहिला. रिचर्ड बर्बेज हा त्यांचा प्रमुख नट. हॅम्लेट, ऑथेल्लो, लिअर ही पात्रे त्याच्यासाठी लिहिलेली. जॉन हेमिंग्ज आणि हेन्री कॉन्डेल हे दुसरे दोन सहकारी. जागेच्या मालकाशी भांडण झाले, तेव्हा १५९८ च्या डिसेंबरात मंडळींनी आपल्या जुन्या नाट्यगृहाचे लाकूडसामान उतरवून काढले आणि थेम्स नदीपलीकडे त्यातूनच ‘ग्लोब’ उभारले. एक पेनी दिली की उभ्याने नाटक पाहता येई. स्त्रियांच्या भूमिका मुलगे करत. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला त्याचे नवल वाटायला नको.

नाटक हातांनी उतरवून घेतले जाई. नटाला संपूर्ण संहिता मिळत नसे. त्याचे संवाद आणि त्याआधी समोरच्याने बोलायचे शेवटचे काही शब्द, एवढेच लिहिलेली कागदाची गुंडाळी त्याच्या हाती पडे. कागद महाग होता, शिवाय पूर्ण प्रत बाहेर गेली तर दुसरी मंडळी नाटक चोरतील ही धास्ती. नाटक छापून ठेवावे, असे नाटकवाल्यांना फारसे वाटत नसे आणि विद्वानांना तर मुळीच नाही. ऑक्सफर्डचे विख्यात ग्रंथालय उभारणाऱ्या थॉमस बॉडली यांनी नाटकांची पुस्तके कपाटात नकोत, असे आपल्या ग्रंथपालाला बजावले होते.

२३ एप्रिल १६१६ रोजी शेक्सपिअर वारला. मृत्युपत्रात त्याने बर्बेज, हेमिंग्ज आणि कॉन्डेल यांना आठवणीची अंगठी घेण्यासाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवले होते. त्याची सुमारे निम्मी नाटके तेव्हा छापलेलीच नव्हती. जी छापली गेली होती त्यांतल्या काहींचे पाठ इतके सदोष होते, की त्यांत हॅम्लेटचे प्रसिद्ध स्वगतही ओळखू येऊ नये. ‘ग्लोब’ तर १६१३ मध्येच प्रयोग चालू असताना तोफेच्या ठिणगीने जळाले होते. ते पुन्हा बांधावे लागले. १६१९ मध्ये बर्बेज गेला.

राहिले हेमिंग्ज आणि कॉन्डेल. दोघेही नट, ग्रंथकार कुणीच नाही. त्यांनी मंडळीजवळच्या संहिता, हस्तलिखिते, जुन्या छापील प्रती गोळा केल्या आणि ३६ नाटकांचा जाडजूड ग्रंथ छापून घेतला. त्यालाच आज ‘फर्स्ट फोलिओ’ म्हणतात. छापखान्याचा मालक विल्यम जॅगार्ड अंध झालेला होता; ग्रंथ पुरा होण्याच्या सुमारासच तो वारला आणि काम त्याच्या मुलाने तडीस नेले. प्रस्तावनेत दोघा मित्रांनी लिहिले, की यात आम्हाला नफा नको, कीर्ती नको, आमच्या सोबत्याची आठवण राहावी एवढेच हवे. (अर्थात वाचकांनी ग्रंथ विकत घ्यावा, असा आग्रहही तिथेच आहे. स्मरणिकेचा खर्च संपादक मंडळाला कधी चुकला आहे!)

या ग्रंथातली १८ नाटके त्याआधी कधीच छापली गेली नव्हती. ‘मॅकबेथ’, ‘ज्युलिअस सीझर’, ‘द टेम्पेस्ट’, ‘ट्वेल्फ्थ नाइट’ ही त्यांतलीच. आपल्यापुरते बोलायचे तर ‘हॅम्लेट’ वेगळे छापलेले होते. त्यामुळे डोंगरीच्या तुरुंगात आगरकरांनी हाती घेतलेले ‘विकारविलसित’ कदाचित तरीही झाले असते. पण शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ आणि पाडगावकरांचे ‘वादळ’ मराठीत यायला हे दोन मित्र आवश्यक होते.

बॉडलींच्या ग्रंथालयातही पुढे हा फोलिओ आला. विद्यार्थ्यांनी तो इतका वाचला, की ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ची पाने बोटांनी झिजली. नंतर नवी आवृत्ती निघाल्यावर ग्रंथालयाने तो काढून टाकला. १९०५ मध्ये कुणीतरी बांधणी दुरुस्त करायला एक जुना ग्रंथ आणला आणि तो तोच निघाला. एका अमेरिकन संग्राहकाने ३००० पौंड देऊ केले. तेव्हा ऑक्सफर्डच्या माजी विद्यार्थ्यांना साद घातली गेली, लोकवर्गणी जमली आणि १९०६ मध्ये ग्रंथ घरी परतला.

हे सगळे सांगण्याचे कारण वेगळे आहे. दहावीच्या स्नेहसंमेलनातले आपले नाटक आठवा. ते लिहिणारा आपला मित्र आज आपल्यात नाही. नाव लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या घरी मी विचारले; मूळ वही राहिलेली नाही. पण तालमीच्या वेळी झेरॉक्सला पैसे नव्हते, म्हणून त्याने प्रत्येकाला आपापले संवाद वहीतून उतरवून घ्यायला लावले होते. मागच्या महिन्यात आईच्या ट्रंकेत मला माझी चार पाने सापडली. मी हवालदार होतो. माझी अकरा वाक्ये आहेत आणि प्रत्येकाआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द त्याच्याच सूचनेवरून लिहिलेले आहेत.

नाटकात आपण नऊजण होतो. माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या दप्तरात एकदा शोधा. पाने सापडली नाहीत, तर पाठ असेल तेवढे लिहून काढा. मेळाव्याला येताना घेऊन या. जोडायचे काम माझ्याकडे.